बारवेत सोडलेला थर्मामीटर

जुलै अर्धा सरला की परभणीत माणसं खुशाली विचारायच्या आधी नाथसागराचा आकडा विचारतात. "किती झालं?" एवढाच प्रश्न. कशाचं ते सांगावं लागत नाही. पैठणला जायकवाडीत किती टक्के, येलदरीत किती, निम्न दुधनेत किती, हे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे चहाच्या टपरीवर फिरत असतात. ही सवय दुष्काळानं लावलेली आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या शेपटाकडच्या माणसाला धरणातला प्रत्येक टक्का मोजूनच पेरणीचं ठरवावं लागतं.

मात्र टक्के मोजताना पाण्याचा कोठारातला गहू होतो. किती पोती आली, किती गेली, किती उरली. गव्हाला निदान कीड लागली का हे तरी आपण बघतो. धरणातलं, तळ्यातलं, बारवेतलं पाणी आत कसं आहे, वरचं खाली जातं का, तळाला हवा पोचते का, त्यात कोण राहतं आणि कोण कोणाला खातं, हे विचारणारं एक अख्खं शास्त्र आहे. त्याला सरोवरविज्ञान म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी मॉर्ज नावाच्या गावात १८४१ साली जन्मलेल्या फ्रांस्वा-आल्फाँस फोरेलनं या शास्त्राला नाव दिलं. त्यानं जन्मभर एकाच सरोवराचा पिच्छा पुरवला आणि १८९२ ते १९०४ या काळात त्यावर तीन जाडजूड खंड लिहिले. पाण्याचं तापमान, लाटा, गाळ, मासे, काठावरची माणसं, सगळं त्यात आहे. घराच्या दारातलं पाणी नीट बघितलं की जगाला उपयोगी पडणारं काही सापडतं, हा फोरेलचा धडा.

आपण दारातलंच पाणी घेऊ. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी गाडी परभणी सोडून पूर्णेच्या दिशेनं निघाली की पहिलं छोटं स्टेशन लागतं ते पिंगळी, पुढे मिरखेल, मग पूर्णा. पिंगळी गावात एक जुनी दगडी बारव आहे. परभणी जिल्हा बारवांच्या बाबतीत श्रीमंत आहे. सेलू तालुक्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे, जिंतूर तालुक्यात चारठाण्याची आहे. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे गेल्या काही वर्षांत या वास्तूंची मोजदाद झाली, नकाशे झाले, महाशिवरात्रीला दिवे लागू लागले. वालूरला गावकऱ्यांनी स्वतः गाळ उपसून पायऱ्या मोकळ्या केल्या. जुन्या शिल्पग्रंथांत अशा पायऱ्यांच्या विहिरींना त्यांच्या प्रवेशांवरून नावं आहेत: एका बाजूनं उतरता येत असेल तर नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारही बाजूंनी विजया. बारवेवर आतापर्यंत जे लिहिलं गेलं, ते बहुतेक दगडांविषयी आहे. यादवकाळ, कोनाडे, मूर्ती, चुन्याशिवाय बसवलेले चिरे. मला या प्रकरणापुरतं पायऱ्या संपतात तिथून खाली बघायचं आहे.

काटेकोर माणूस लगेच हरकत घेईल की बारव ही विहीर. तिचा हिशोब भूजलाच्या खात्यात, तळ्याच्या नव्हे. हरकत बरोबर आहे. तरीही तोंड उघडं असलेलं, तळापर्यंत ऊन जाण्याची धडपड चालू असलेलं, शेवाळ आणि कीटक असलेलं साचलेलं पाणी म्हणून बारव हे सगळ्यात लहान सरोवर ठरतं, आणि शिकायला लहान गोष्ट बरी. नाथसागराचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर, साठवण सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली जेमतेम ८ मीटर निघते. म्हणजे तो परातीसारखा आहे, पसरट. बारव तांब्यासारखी, तोंड लहान आणि पोट खोल. परातीत फुंकर मारली की सगळं पाणी हलतं. तांब्याच्या तळाला त्या फुंकरीचा पत्ताही लागत नाही. जमिनीच्या खाली चारी बाजूंनी दगडी भिंती असलेल्या बारवेत वारा उतरतच नाही. त्यामुळे पाण्याचे थर कसे पडतात हे पाहायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही.

साहित्य घरचंच. जाड काचेचा साधा थर्मामीटर, सुतळी, आणि सुतळीला दर अर्ध्या मीटरवर गाठ. थर्मामीटर वर ओढेपर्यंत त्याचा आकडा बदलू नये म्हणून तो बुचाच्या बाटलीत ठेवायचा, बाटली खाली नेऊन बुचाची दोरी ओढायची आणि तिथलं पाणी भरून वर घ्यायचं. एप्रिलच्या दुपारी वरच्या थरात ३० अंश आणि तळाला २७ अंश असं काहीसं वाचन मिळालं, तर नवखा माणूस म्हणेल, तीन अंशांनी काय होतं? इथे युरोपातली पाठ्यपुस्तकं आपली दिशाभूल करतात. तिथल्या सरोवरांची कथा ४ अंशांभोवती फिरते, कारण पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंशांना. त्यापेक्षा थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि बर्फ तरंगतो, खाली मासे जगतात. परभणीला हे सगळं वाचून सोडून द्यायचं. आपल्याला लागते ती त्याच आलेखाची दुसरी बाजू. ४ अंशांचं पाणी ५ अंशांचं झालं तर एका घनमीटरमागे वजन साधारण ८ ग्रॅमनी घटतं. २९ अंशांचं ३० झालं तर तेच वजन ३०० ग्रॅमनी घटतं. म्हणजे आपल्याकडचा एक अंश थंड देशातल्या एका अंशाच्या पस्तीसपटीहून भारी. कोमट पाण्यात एवढ्याशा फरकानं वरचं हलकं पाणी आणि खालचं जड पाणी एकमेकांपासून फारकत घेतात. पाण्यावर तेल नव्हे, पाण्यावरच पाणी तरंगत राहतं. घडवंचीवर एकावर एक ठेवलेल्या वाकळांसारखं.

या फारकतीचे परिणाम तळाला भोगावे लागतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू वरून, हवेतून आणि उजेडात वाढणाऱ्या शेवाळाकडून येतो. तळाला उजेड नाही, वरचं पाणी खाली येत नाही आणि वरून पडलेलं पान, निर्माल्य, मेलेलं शेवाळ तिथे कुजत असतं. कुजणं म्हणजे जिवाणूंचं श्वास घेणं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. उलट १० अंश तापमान वाढलं की जिवाणूंची भूक अंदाजे दुप्पट होते. आवक कमी, खर्च दुप्पट. त्यामुळे आपल्याकडच्या स्थिर पाण्याचा तळ थोड्याच दिवसांत बिनहवेचा होतो. बादली तळापासून वर ओढली आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजावं, तिथे प्राणवायू संपला आहे आणि गंधकावर जगणारे जिवाणू कामाला लागले आहेत.

मग येतो डिसेंबर. परभणीची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध. काही वर्षी कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. रात्री तळ्याचा वरचा थर निवतो, जड होतो आणि बुडतो. सगळं पाणी ढवळून निघतं, तळाचं बिनहवेचं पाणी वर येतं. पहाटे मासे तोंड वर काढून आ वासू लागतात, सकाळी पांढरी पोटं तरंगताना दिसतात. गावात कुजबुज सुरू होते की कोणीतरी औषध टाकलं. कधीकधी टाकलेलंही असतं, नाही असं नाही. भावकीच्या भांडणात तळ्याचे मासे मारल्याच्या हकिकती खोट्या नसतात. पण थंडीच्या पहिल्या कडाक्यानंतर किंवा पावसाळ्यात आभाळ आठवडाभर भरून राहिल्यावर पहाटे मासे मेले, तर आरोपी बहुधा पाणीच असतं. एक साधी खूण आहे. मरळ आणि मागूर हे मासे हवेतूनही श्वास घेतात. कटला, रोहू मेले आणि मरळ ठणठणीत असेल तर संशय प्राणवायूवर घ्यावा. मरळही मेली तर मात्र विषाचा विचार करावा.

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं, याचंही गुपित थर्मामीटर फोडतो. जमिनीखालून झऱ्यानं आलेलं पाणी बारा महिने जवळपास एकाच तापमानाचं असतं, त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं. परभणीत ते २६-२७ अंशांच्या आसपास पडतं. हवा ४२ असताना ते गार वाटतं, पहाटेची हवा १० असताना त्यातून वाफा निघतात. बदलते ती आपली कातडी. हे कळल्यावर मला थोडं वाईट वाटलं, खरं सांगायचं तर. लहानपणी वाटायचं की विहिरीला आपली काळजी आहे.

थर्मामीटरनंतरचं दुसरं हत्यार म्हणजे पांढरी थाळी. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीनं खाली सोडली आणि ती दिसेनाशी झाली ती खोली मोजली. दीडशेहून अधिक वर्षं झाली, उपग्रह आले, तरी सरोवरं तपासणारा प्रत्येक माणूस अजून हेच करतो. परभणीच्या एखाद्या गावतळ्यात ऑगस्टमध्ये ही थाळी सोडली तर हातभर गेली नाही तोच गडप होईल. पाण्यात असते ती घाण नव्हे, माती. आपली काळी भारी जमीन ज्या चिकणमातीची बनली आहे, तिचे कण इतके बारीक की पाण्यात पडल्यावर आठवडेच्या आठवडे खाली बसत नाहीत. पाणी चहासारखं राहतं आणि गंमत अशी की त्या गढूळपणामुळे शेवाळ वाढत नाही, कारण उजेडच नाही. दिवाळीच्या सुमारास माती बसते, ऊन आत शिरतं, आणि महिन्याभरात तेच तळं हिरवं होतं. पाऊस असताना तपकिरी, मग हिरवं. लोक म्हणतात पाणी खराब झालं. खरं तर खत पावसाळ्यातच येऊन पडलेलं असतं, ते फक्त उजेडाची वाट बघत असतं.

खत म्हणजे इथे मुख्यतः फॉस्फरस. १९७३ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सरोवर निवडलं, कागदावर त्याला फक्त क्रमांक होता, २२६. मध्ये जाड पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं; दुसऱ्यात तेच, अधिक फॉस्फरस. दुसरा भाग काही आठवड्यांत हिरवागार झाला, पहिला तसाच राहिला. वरून काढलेला तो अर्धा हिरवा, अर्धा काळा फोटो या शास्त्रातला बहुधा सगळ्यात गाजलेला फोटो असेल. तोवर साबण कारखान्यांचे लोक म्हणत होते की दोष कार्बनचा आहे. फोटोनंतर वाद मिटला.

आता हा हिशोब पिंगळीत करा. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत साधारण १० किलो फॉस्फरस असतो. एक ग्रॅम फॉस्फरसावर सुमारे १०० ग्रॅम, तेही सुकं, शेवाळ पोसतं. त्या गोणीचा शंभरावा हिस्सा मातीबरोबर वाहून बारवेत आला तर १० किलो सुकं शेवाळ वाढण्याइतकी सोय झाली. ओलं वजन धरलं तर ते टोपल्यांनी काढावं लागेल. बारवेत हार-फुलं टाकली, काठावर पावडरीनं कपडे धुतले, पोळ्याला बैल धुतले, सगळ्यांतून थोडा थोडा फॉस्फरस येतोच. हे पूर्वीही होत होतं, असं कोणी म्हणेल. होत होतं. पण पूर्वी त्याच बारवेतून मोटेनं रोज हजारो लिटर पाणी उपसलं जाई आणि त्याबरोबर खतही शेतात परत जाई. आता उपसा थांबला, टाकणं चालू राहिलं.

गाळाची गोष्ट इथे येते आणि मराठवाड्यातल्या वाचकाला ती सगळ्यात जवळची वाटेल. १९४१-४२ मध्ये क्लिफर्ड मॉर्टिमर या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की तळाच्या गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं, पण तळाला प्राणवायू असेपर्यंतच. प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते आणि वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस पाण्यात परत येतो. म्हणून बाहेरून घाण यायची पूर्ण बंद केली तरी काही तळी पुढची दहा-वीस वर्षं हिरवीच राहतात. ती आपला जुना साठा खात असतात. आपला काळा पाषाण लोहानं भरलेला, त्याची झीज होऊन झालेली माती लोहानं भरलेली. त्यामुळे आपल्याकडच्या तळाला ही तिजोरी मोठी आहे आणि ती फुटते तेव्हा मोठ्यानं फुटते.

राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे. तिचा हिशोब आजही घनमीटरात मांडला जातो: इतका गाळ काढला, इतकी साठवण वाढली. माझ्या मते तिचा मोठा फायदा दुसराच आहे. गाळ शेतात गेला म्हणजे तळ्याच्या पोटातलं खत शेतात गेलं, आणि शेतकऱ्याची तितकी गोणी वाचली. एकाच ट्रॅक्टरनं दोन आजार बरे होतात. पण गाळ काढायची आपली पद्धत मात्र डोळ्यांत खुपते. जेसीबी उतरतो आणि तळ्याच्या कडा हौदासारख्या उभ्या तासून ठेवतो. उथळ काठ हा तळ्याचा सगळ्यात कामाचा भाग. तिथे पाणकणीस आणि लव्हाळा उगवतो, येणाऱ्या पाण्यातली माती आणि खत तिथेच अडतं, माशांची पिलं तिथे लपतात, टिबुकली तिथे घरटं बांधते. काठ तासला की खोल पाणी मिळतं आणि चाळणी जाते. गावतळ्यातला गाळ काढताना एक बाजू उतरती ठेवा, एवढी एक ओळ कामाच्या आदेशात घातली तरी पुष्कळ होईल.

बारवांच्या कौतुकात एक गोष्ट हमखास गाळली जाते, ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण प्रामाणिक होणार नाही. नारू. आज चाळिशीच्या आतल्या वाचकाला हा शब्द फक्त ऐकून माहीत असेल. पायाच्या कातडीतून हातभर, कधी त्याहून लांब, पांढरा दोऱ्यासारखा जंत बाहेर येई. तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा. ऐन पेरणीच्या दिवसांत. त्याचं मूळ सायक्लॉप्स नावाच्या जिवात होतं. तो मिलिमीटरभराचा, कोळंबीचा दूरचा भाऊबंद, कपाळावर एकच डोळा म्हणून ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसाचं नाव मिळालेला. नारू झालेला माणूस पायाची आग शमवायला पाणी भरतानाच पाण्यात उभा राही. तेवढ्यात जंत हजारो पिलं सोडी, सायक्लॉप्स ती खाई, आणि माणूस ते पाणी पिई. वर्षभरानं पुन्हा नारू.

हे चक्र फिरायला एकच सोय लागते: माणसाचा पाय पिण्याच्या पाण्यात पडला पाहिजे. पोहऱ्यानं शेंदायच्या आडात ते होत नाही. पायऱ्यांच्या बारवेत होतं. ज्या पायऱ्यांचे आपण फोटो काढतो, त्यांनीच रोगाला पाण्यापर्यंत नेलं. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होतं. १९८३-८४ मध्ये देशभर निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला: हातपंप, घागरीच्या तोंडावर कापड, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध, आणि पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या शेंदण्याच्या विहिरी करणं. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. लस नाही, गोळी नाही. पाण्यातल्या एका किड्याची राहणी नीट समजून घेतल्यानं रोग गेला. सरोवरविज्ञानाचा भारतातला सगळ्यात मोठा विजय कोणता असं कोणी विचारलं तर मी हा सांगेन, जरी त्या कार्यक्रमातल्या कोणी हा शब्द कधी वापरला नसेल.

अशा जिवांना हलक्या हातानं घ्यावं लागतं. सायक्लॉप्सची दुसरी भावंडं, डाफ्निया म्हणजे पाणपिसू, हिरवं शेवाळ गाळून खातात. त्या भरपूर असल्या की पाणी निवळ राहतं. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं विहिरींत गप्पी मासे सोडतं, तो उपाय चांगलाच. पण मासा फक्त अळ्या खात नाही, पाणपिसवाही खातो. गप्पीच्याच चुलतभावावर, गंबुशियावर, अमेरिकेत झालेला एक प्रयोग १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. मासे सोडलेल्या कुंडांत पाणपिसवा नाहीशा झाल्या आणि पाणी हिरवं झालं. बिनमाशांच्या कुंडांत निवळ राहिलं. म्हणजे बारव हिरवी का झाली याचं उत्तर कधी खतात असतं तर कधी माशाच्या पोटात. डास नकोत आणि हिरवंही नको असं दोन्ही हवं असेल तर खताची आवक तोडावी लागते, मग मासे असले तरी चालतं.

आपल्याच शेजारी, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेल्या सगळ्या महाराष्ट्रानं ते फोनवर पाहिलं. नाना तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटून खारटपणा वाढल्यानं त्यांचे दिवस आले होते. नमुना काही काळ स्थिर ठेवला की रंग तळाला बसे आणि वरचं पाणी स्वच्छ दिसे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. बातमी रंगाची झाली. खरी बातमी पातळीची होती.

पातळी म्हटलं की पिंगळीला परत यावं लागतं. बारवेतलं पाणी पावसाचंच, पण थेट आभाळातून आलेलं नाही. काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, मग घट्ट काळा पाषाण, मध्ये कुठे गेरूचा तांबडा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि पाषाणाच्या भेगांत. अशा खडकाच्या १०० लिटर आकारमानातून दोन-तीन लिटर पाणी सुटलं तरी पुष्कळ. म्हणून आपल्याकडचं भूजल लवकर भरतं आणि लवकर रितं होतं. जुन्या कारागिरांनी बारव मुरूम आणि मांजऱ्यापर्यंत नेली, तिथे झरे लागले, आणि पाणी उन्हाळ्यात एकेक पायरी खाली उतरे. पायऱ्या हीच पातळी मोजायची पट्टी होती. मग दोनशे-तीनशे फुटांची बोअर आली. बोअर खालच्या भेगेतून पाणी ओढते, वरचं पाणी तिकडे झिरपतं, आणि बारवेचे झरे हवेत उघडे पडतात. बारव आटण्याचं कारण बहुतेक वेळा बारवेत नसतं, शेजारच्या शेतात असतं. फक्त गाळ काढून पाणी येईल अशी आशा दाखवणाऱ्यांनी हे आधी सांगायला हवं.

बारवेची सावली मात्र खरी बचत करते. परभणीच्या मेमध्ये उघड्या तळ्याचं दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून जातं. हेक्टरभर तळ्यातून रोज लाखभर लिटर, दहा टँकर. १०० चौरस मीटरच्या उघड्या पाण्यातून हजार लिटर. बारवेत याहून बरंच कमी, कारण वारा नाही आणि ऊन काही तासच. शेततळ्यांच्या प्रत्येक प्रस्तावात हा आकडा शेतकऱ्याला सांगितला जावा असं मला वाटतं. जमिनीखालून उपसून उघड्यावर साठवलेलं पाणी म्हणजे सूर्याला दिलेला वाटा.

व्यवस्थापन हा शब्द ऐकला की आपल्याला समिती आठवते. तळं पाटबंधारे विभागाचं, काठ ग्रामपंचायतीचा, मासे सहकारी संस्थेचे, दगड पुरातत्त्वाचे. पाणी कोणाचं याला उत्तर नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि तिच्या जुन्या नोंदींमुळेच आपल्याला राज्याचं भूजल उतरतंय हे ठामपणे म्हणता येतं. पण तिच्या यादीत गावोगावची बारव असणार कुठून. ते काम शाळेच्या एका वहीत होण्यासारखं आहे. पांढरी रंगवलेली स्टीलची थाळी, गाठी मारलेली सुतळी, थर्मामीटर. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, शक्यतो एकाच वेळी, कारण पहाटेचं आणि दुपारचं पाणी वेगळं असतं. पाण्याबाहेर किती पायऱ्या मोजल्या, थाळी किती गाठींवर दिसेनाशी झाली, वर किती अंश आणि तळाला किती, वास आहे का, रंग तपकिरी की हिरवा. सोबत एक मोठं माणूस हवंच. ओल्या पायरीवरचं शेवाळ कोणाला ओळखत नाही. तीन वर्षांच्या अशा नोंदी असल्या की थंडीत तळ कधी उलटतो, पहिल्या पावसात किती माती येते, कोणत्या बोअरनंतर किती पायऱ्या जास्त उघड्या पडल्या, हे वहीतूनच वाचता येईल.

मेमध्ये सुतळीला ओलही लागणार नाही अशी वर्षं येतील. त्या तारखेपुढेही रकाना रिकामा सोडायचा नाही. 'कोरडी' असं लिहायचं, सगळ्या पायऱ्या मोजून तो आकडा लिहायचा, आणि खाली सही करायची.